स्प्रे गन घ्यायची? आधी हवा बघा!

दिवाळी महिन्यावर आली की घरोघरी रंगाचे डबे निघतात. खिडक्यांचे ग्रील, अंगणातला झोपाळा, आजेसासूबाईंचं लोखंडी कपाट... आणि घरात तरुण मुलगा असेल तर त्याची मोटारसायकलसुद्धा! पूर्वी एक ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली एवढ्यावर भागायचं. आता मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघितला की मुलं म्हणतात, ''आई, स्प्रे गनच घेऊ या ना, पैसे वाचतील.''

आमच्या बचत गटात यंदा हाच विषय कर्जाच्या अर्जातून आला. एका ताईंचा मुलगा गॅरेजात काम शिकलेला. मोटारसायकलच्या टाक्या, मडगार्ड रंगवायचे आणि जोडीला घरगुती फर्निचरची कामं घ्यायची, असा त्याचा विचार. अर्ज वाचून झाला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या ताई म्हणाल्या, ''पैसे जरूर द्या. पण आधी एक रात्र माझ्या घरी येऊन खोकला ऐका.''

त्यांचे मिस्टर बरीच वर्षं गाड्या रंगवायचे. रात्री धाप लागायची, झोप नाही. चार दिवस जत्रेला गावी गेलं की मात्र खोकला गायब! डॉक्टरांनी आधी विचारलं ते हेच, ''काम काय करता?'' हे ऐकल्यावर आम्ही ठरवलं, नीट माहिती काढायची आणि मगच सही करायची. तीच माहिती आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न, काम किती? एखादी खुर्ची, एखादं मडगार्ड असेल तर यंत्राच्या फंदात पडूच नका. स्प्रेची तयार बाटली पुरते. फक्त एक लक्षात ठेवा, साध्या बाटलीतला रंग पेट्रोलला टिकत नाही. टाकी भरताना चार थेंब सांडले की रंग मऊ पडतो, निघतो.

कपाट, दारं, वेताच्या खुर्च्या अशी वर्षातून दोन-चार कामं असतील तर विजेवर चालणारी हातातली गन बरी. ती ऑइलपेंट, प्रायमर चांगला मारते. पण थेंब जरा जाड पडतात, मोटारसायकलच्या टाकीला हवी तशी आरशासारखी चकाकी येत नाही. रंग ठरलेल्या प्रमाणात पातळ करून गाळून घ्यायचा आणि काम झाल्याबरोबर गन धुवायची. एकदा रंग आत वाळला की गन भंगारात.

आणि ग्रील? ग्रीलला गन नकोच. सळ्यांच्या फटींतून बराचसा रंग हवेत जातो. तिथे आपला ब्रशच स्वस्त आणि मस्त!

धंदा करायचा तर कॉम्प्रेसर आणि गन लागते. इथे दुकानदार टाकीचे लिटर सांगतो. आपण मात्र विचारायचं, ''मिनिटाला हवा किती देतो?'' हे माप सीएफएममध्ये असतं. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच आहे बघा. टाकी कितीही मोठी असो, मोटर पाणी चढवते कमी आणि नळ सोडला मोठा, तर टाकी रिकामी होणारच. कॉम्प्रेसरचंही तसंच. मोठ्या एचव्हीएलपी गनला १० सीएफएमच्या आसपास हवा लागते. एक एचपीचा कॉम्प्रेसर तिला पुरा पडत नाही आणि रंग फुटाण्यासारखा उडतो. एचव्हीएलपी म्हणजे भरपूर हवा, कमी दाब. तिच्यात रंग कमी उधळतो, जास्त वस्तूवर बसतो. पण मोटारसायकलच्या टाकी-मडगार्डसाठी ०.८ ते १ मिलिमीटर नोझलची छोटी गन पुरते आणि ती हवाही कमी खाते. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज काढायचं आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावायचा. नाहीतर रंगात पाण्याचे डाग पडतात.

भिंतींसाठी एअरलेस नावाचं यंत्र असतं. त्याचा दाब ३००० पीएसआयपर्यंत जातो. त्याच्या तोंडापुढे बोट गेलं तर रंग कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. घरगुती कामाला ते नकोच.

आता खोकल्याकडे येते. टाकीचा रंग पेट्रोलला टिकावा म्हणून शेवटी टू-के पीयूचा हात मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचं बारीक तुषार श्वासात गेलं की काहींना दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोडंही सोसत नाही. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क साध्या रंगाच्या थिनरला चालतो. टू-केला मात्र नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्कच लागतो. टू-के बाटलीतही मिळतो, तिथेही हाच नियम.

गंमत बघा, या गनचा जन्मच मुळी घशाच्या औषधातून झाला. अमेरिकेत ओहायोतल्या डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी रोग्याच्या घशात औषध फवारायचं उपकरण केलं, आणि त्यांच्या मुलाने १९०७ मध्ये त्यावरून रंगाची गन बनवली. घसा बरा करणाऱ्या वस्तूने छाती बिघडावी, हे काही बरं नाही!

आणखी दोन गोष्टी. थिनरची वाफ पेट घेते. जवळ गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती नको. आणि घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा जुना रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. मुलांना आणि गरोदर सुनेला लांब ठेवा.

अखेर कर्ज मंजूर झालं. दोन एचपीचा कॉम्प्रेसर, छोटी गन, फिल्टर आणि डब्यांचा मास्क. काम घराच्या पडवीत नाही, दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये. टू-केचा शेवटचा हात तालुक्याला, जिथे रंगाची बंद खोली आणि हवेचा मास्क आहे तिथे मारून आणायचा. त्यात मुलाचा नफा थोडा कमी होतो. तो कुरकुरला, पण त्याच्या आईनेच ही अट लिहून घ्यायला लावली.

खोकल्यावाल्या ताईंच्या मिस्टरांनी रंगकाम सोडलंय, आता ते इंजिनाचं काम करतात. मंजुरीच्या दिवशी ताई एवढंच म्हणाल्या, ''मास्कचे पैसे वेगळे धरू नका गं, यंत्राच्या किमतीतच धरा. म्हणजे पैसे कमी पडले तर आधी मास्क वगळायचा, असं कुणाच्या मनात येणार नाही.''

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हे वाक्य वहीत आधीच लिहून ठेवा.