हातावर पडलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे

29 नोव्हेंबर 2024 रोजी भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली. 11 प्रवासी गेले. मृतांच्या वारसांना 10 लाखांची मदत जाहीर झाली, ती सगळ्यांच्या कानावर पोहोचली. एसटीच्या अपघातात ज्यांचे हातपाय मोडतात त्यांचा हक्क काय, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं.

‘दवाखान्यात पैसे मिळाले, सही झाली, विषय संपला.’ नाही संपला. खाटेवर मिळते ती तातडीची मदत. भरपाई ठरवतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली. मदत घेतली म्हणून तो हक्क जात नाही. मात्र कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यावर ‘अंतिम समझोता’ असं लिहिलेलं असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

‘डॉक्टरांनी 20 टक्के अपंगत्व लिहिलं, म्हणजे 20 टक्केच मिळणार.’ सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. रोवणीला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. उजवं मनगट वाकडं जुळलंय, पेंढीतून रोप सुटं करून चिखलात खोचताना बोटं मिटत नाहीत. दुकानात बसणाऱ्याचं तेवढ्याच दुखापतीत निभेल, हिची मजुरी बुडते. म्हणून 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अवयव किती टक्के गेला एवढंच न बघता कमाई किती घटली ते बघा. समजा, तिची कमाई महिना 9,000 रुपये आणि घट 30 टक्के धरली. वर्षाचे 32,400 झाले. वय 38 असेल तर त्याला वयानुसार ठरलेल्या 15 या गुणकाने गुणायचं, म्हणजे 4,86,000. औषधपाणी, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, सोबतीला थांबलेल्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांची रक्कम वेगळी. घरकामालाही न्यायालयं मोल देतात. ‘मी काही कमवत नाही’ म्हणून मागे राहू नका.

‘बायांचं अर्धं तिकीट, म्हणून भरपाईही अर्धी.’ साफ खोटं. मार्च 2023 पासूनची ती सवलत भाड्यापुरती आहे. तिकीट हरवलं तरी पोलिसांचे कागद आणि दवाखान्यातली नोंद यांवरून प्रवास सिद्ध करता येतो. मिळालं तर जपून ठेवा.

‘चूक समोरच्या गाडीची होती, एसटी कशाला देईल?’ चूक दोन्ही चालकांची ठरली, तर प्रवाशाला पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या खेन्येई निकालाने हे स्पष्ट केलंय.

‘अपघात गोंदिया जिल्ह्यात झाला, तिकडे खेटे घालावे लागतील.’ गरज नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात, म्हणजे भंडाऱ्यात राहत असाल तर भंडाऱ्यातच, दावा लावता येतो. मात्र 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे. प्लास्टर सुटायची वाट बघत बसू नका.

वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.