चूल घरची, जबाबदारी बाजाराची

दिवाळी जवळ आली की 'घरगुती फराळ मिळेल' अशा पाट्या गल्लोगल्ली दिसू लागतात. एरवीही पुरणपोळ्या, मसाले, कुरडया, लोणची आणि रोजचा पोळीभाजीचा डबा यांच्या विक्रीवर कितीतरी संसार उभे आहेत. परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे तर सारे वर्षच अशा डब्यावर निभावते. परंतु घरी शिजविलेले अन्न पैसे घेऊन दुसऱ्याला दिले की त्याविषयी कायद्याचे काही म्हणणे असते, ही गोष्ट करणाऱ्यास आणि खाणाऱ्यासही बहुधा ठाऊक नसते.

या व्यवसायाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकारी पाशातून सोडवावे, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा पसारा वाढला. तेथे पापड लाटले जातात ते घरोघरी. पण पीठ केंद्रावर मळले जाते आणि लाटून आणलेला माल तपासून घेतला जातो. घरचे काम बाजारात टिकवावयाचे तर त्यास शिस्त लागते, हा धडा येथे मिळतो.

१९५४ सालचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः भेसळ पकडणारा होता. त्याची जागा २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली व त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. या कायद्यातील 'अन्न व्यवसाय' या शब्दाची व्याख्या मोठी व्यापक आहे. नफा असो वा नसो, अन्न तयार करणे, साठविणे, वाटणे, विकणे हे सर्व त्यात येते. तेव्हा 'आमचे दुकान थोडेच आहे?' ही सबब तेथे चालत नाही.

मात्र लहान व्यावसायिकास कायद्याने मोठ्या कारखान्याच्या रांगेत बसविलेले नाही. त्यास परवाना घ्यावा लागत नाही; नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांनी अशा नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षास १०० रुपये ठरविले होते. असे आकडे वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी ते पाहून घ्यावेत हे बरे. अर्ज केंद्राच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावरून करता येतो. आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. नोंदणी झाली की चौदा अंकी क्रमांक मिळतो. त्याचा पहिला अंक २ असेल तर ती नोंदणी आणि १ असेल तर तो परवाना, एवढे ध्यानात ठेवले तरी ग्राहकास पुष्कळ कळते.

नोंदणीबरोबर स्वच्छतेच्या अटी येतात. पाणी पिण्याजोगे हवे, कचऱ्याचा डबा झाकलेला हवा, नखे कापलेली हवीत, आणि संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नास हात लावू नये. आपल्या घरांत सोवळ्याची परंपरा होती, ती येथे पुरेशी ठरत नाही. सोवळे कोणी शिवले हे पाहते. आरोग्यशास्त्र हात धुतले होते की नाही हे पाहते. धूतवस्त्र नेसून केलेला स्वयंपाकही उघड्यावर राहिला तर माशी त्याचे सोवळे पाळीत नाही.

पदार्थ कसा टिकतो, हेही समजून घेतले पाहिजे. चकली, शेव टिकतात, कारण त्यांत पाणी फारच थोडे उरते. लोणच्यास मीठ व आंबटपणा सांभाळतो. तेलाचा थर हवा अडवितो. उलट बासुंदी, ओल्या नारळाची चटणी, उकडीचे मोदक यांत ओलावा भरपूर, म्हणून ते त्याच दिवशी संपवावेत. तळणाचे तेलही पुनःपुन्हा तापवून बिघडते. २०१८ पासून त्यातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरलेली आहे. हे मोजण्याचे साधन घरात नसते. पण तेल काळपट, दाट झाले, फेसाळू वा धुरावू लागले की ते टाकून द्यावे, एवढे कोणासही करता येईल.

पुडी बांधतानाही भान हवे. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधणे २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी निषिद्ध केले आहे, कारण छपाईची शाई अन्नास लागते. बंद पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची व वापरण्याची अखेरची तारीख, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा. शाकाहारी पदार्थास हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका द्यावयाचा असतो. शेंगदाणे, दूध, गहू यांचा उल्लेख तर विसरूच नये; काहींना ते बाधतात.

'पोटासाठी चार पापड लाटणाऱ्या बाईच्या मागे हे कागदांचे लचांड कशाला?' असा आक्षेप ऐकू येतो, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. अर्ज संगणकावर, भाषा सरकारी, आणि वेळ तर तिच्यापाशी सर्वांत कमी. पण उद्या एखाद्या डब्यावर विषबाधेचा आळ आला, तर कोणत्या तारखेचा माल कोणाला दिला, हे सांगणारी वहीच तिच्या बाजूने उभी राहील. नोंद नसलेल्या बाईचे म्हणणे कोण ऐकणार?

येथे आपणा विद्यार्थ्यांस एक काम आहे. आपल्या डबेवाल्या मावशींना अर्ज भरून द्यावा, तारखेच्या चिठ्ठ्या लिहून द्याव्यात. 'घरचे' या शब्दावर विश्वास ठेवून लोक डोळे मिटून जेवतात. त्या विश्वासाचे ओझे एकट्या तिच्यावर न टाकता थोडे आपणही उचलावे. त्यास लागतो तो केवळ एखाद्या दुपारचा वेळ.