गुडघ्याचे दुखणे, ताण आणि पुडीतले औषध



कातकरी वाडीवर पन्नाशीच्या बायका दाराची चौकट धरून उठताना दिसतात. पावसात चिखलात वाकून भातलावणी, जांभ्याच्या चढणीवरून डोक्यावर मोळी, आणि दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर. गुडघे झिजायला एवढे पुरे. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातले वंगण तिच्यात झिरपते आणि तिचे पोषण होते. म्हणून नुसते बसून राहिल्याने गुडघा बरा होत नाही. उलट मांडीचे स्नायू अशक्त होऊन सांध्याला आधार राहत नाही.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक सोडतात. ते सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. वेदना, भीती, चिंता यांनी ते वाढते. थोडा वेळ वाढले तर ते उपकारकच. पण दुखणे रोजचे, झोप अर्धवट आणि मुकादमाची उचल फिटत नाही, असे महिनोन्‌महिने चालले की ही लय बिघडू शकते आणि तेच दुखणे जास्त जाणवते.

फिजिओथेरपी दोन्हीकडून मदत करते. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच आकडे मोजून सोडावी. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. व्यायाम जोराचा झाला तर कॉर्टिसोल काही वेळ वाढतेच, म्हणून झेपेल तेवढाच आणि नेमाने करावा. रक्तातल्या कॉर्टिसोलवर याचा परिणाम प्रत्येकात सारखा नसतो. वेदना कमी होणे आणि चालणे सुधारणे मात्र पुष्कळांना अनुभवास येते.

खरी काळजी वेगळीच आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना केंडॉल आणि राइखस्टाइन यांच्याबरोबर मिळाले. कॉर्टिसोन कॉर्टिसोलच्याच कुळातले. याच कुळातली स्टिरॉइड औषधे आज काही बिननावाच्या "सांधेदुखीच्या" पुड्यांत मिसळलेली सापडतात. पुडी घेतली की दोन दिवसांत आराम पडतो, आणि गिऱ्हाईक बांधले जाते. महिनोन्‌महिने घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीराची स्वतःची ग्रंथी काम मंदावते. मग पुडी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे, प्रसंगी जिवावर बेतणे.

एका मावशींनी मला अशाच पुड्या दाखवल्या. "फेकून द्या" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. बरे झाले, बोललो नाही. पुड्यांसकट त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा संशय घेऊन पुड्या काढून घेतल्या, मोजून गोळ्या लिहून दिल्या आणि त्या हळूहळू उतरवत नेल्या. गुडघा अजून दुखतो. पण चुलीवर भात शिजेपर्यंत त्या टॉवेलची गुंडाळी दाबत बसतात, आणि शेजारणींना आकडे मोजायला लावतात.