चाळीस किलोबाइटमधला मारिओ

महाड-पोलादपूर भागातली घरटी एक-दोन माणसे मुंबईला. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम आपल्याकडे आला, तेव्हा मे महिन्यात किंवा गणपतीला गावी येणाऱ्या मुलांच्या गप्पांत तो असायचाच. आज चाळिशीत असलेल्या अनेकांना टोपी घातलेला, मिशाळ, विटांवरून उड्या मारत पळणारा मारिओ आठवत असेल. ही यंत्रे बहुधा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’च्या स्वस्त नकला असत.

मारिओ प्रथम दिसला १९८१च्या ‘डाँकी काँग’ या खेळात. त्याचा जनक शिगेरू मियामोतो. चित्र इतक्या थोड्या ठिपक्यांत बसवायचे होते की तोंड काढणे जमेना, म्हणून मिशी आली. उडी मारताना हलणारे केस दाखवणे कठीण, म्हणून टोपी आली. म्हणजे मारिओचे रूप अडचणीतून घडले. १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळाच खेळ असा घडलेला आहे.

त्याची कॅसेट होती ४० किलोबाइटची, म्हणजे ४०,९६० बाइटची. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. एवढ्यात ३२ टप्पे, संगीत आणि खेळाचे सर्व नियम कसे मावले?

थोडे गणित करू. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, एकूण ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याला चारांपैकी एक रंग द्यायचा तर २ बिट लागतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून पडदाभर चित्राला १५,३६० बाइट. या हिशेबाने अख्ख्या कॅसेटमध्ये तीन चित्रेही बसणार नाहीत.

यावरचा उपाय आपल्या गवंड्याला ठाऊक आहे. तो प्रत्येक भिंतीसाठी नवा दगड घडवत नाही. एका मापाचे चिरे रचून घर उभे करतो. फॅमिकॉममध्ये ८×८ ठिपक्यांचा एक ‘चिरा’ असतो. त्याला १६ बाइट लागतात. पार्श्वभूमीसाठी असे २५६ चिरे, म्हणजे ४,०९६ बाइट. हलणाऱ्या पात्रांसाठी आणखी तेवढेच. आता पडद्यावर ३२×३०, म्हणजे ९६० जागा. कोणत्या जागी कितव्या क्रमांकाचा चिरा, एवढेच सांगायचे: ९६० बाइट. रंगांसाठी आणखी ६४. पंधरा हजारांचे काम हजारात झाले! टप्प्यांचे नकाशे साठवताना तर ‘येथे विटांची रांग, येथे नळ’ अशा त्रोटक सूचनाच दिल्या आहेत. खेळातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे नीट पाहा. आकार एकच, फक्त रंग निराळे.

हे शिकवायला संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीत १६×१६ चा चौरस आखून मुलांना एस.टी.चे किंवा रायगडाचे चित्र चौकटी भरून काढायला सांगावे. भरलेली चौकट १, रिकामी ०. एकाने आकडे वाचावेत, दुसऱ्याने चित्र न पाहता ते पुन्हा काढावे. चित्र आकड्यांत कसे जाते, हे कळेल. मग विचारावे, ‘२५६ आकडे न वाचता काम भागेल का?’ कोणीतरी ‘सात शून्ये, दोन एक’ असे वाचू लागेल. माहिती आटोपशीर करण्याची ही एक मूळ युक्ती मुलांनी स्वतः शोधलेली असेल.

मारिओ पुढे खूप बदलला. १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये तो त्रिमितीत धावू लागला, २०२३ साली त्याच्यावर मोठा चित्रपट निघाला. त्याच वर्षी कोजी कोंदो यांनी रचलेली १९८५च्या खेळाची धून अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली गेली; व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळांचा तर एक प्रकारच रूढ झाला.

शिक्षकाच्या दृष्टीने मात्र त्या पहिल्या कॅसेटचा धडा मोलाचा आहे. साधने तुटपुंजी असतात तेव्हा त्यांचे नेमके माप काढावे आणि एकच गोष्ट किती ठिकाणी वापरता येईल ते पाहावे. आपल्या शाळांना हा धडा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.