सिंहलद्वीपाहून आलेला शब्द

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याच्या हौसेने कोशाची पाने पाठ करीत बसणारा विद्यार्थी बहुधा पहिल्याच अक्षराच्या मुक्कामी थकतो. त्यापेक्षा एखाद्या अपरिचित शब्दाची वंशावळ, जुन्या दप्तरातील वतनाचा कागद उलगडावा तशी, सावकाश उलगडून पाहणे मला अधिक फलदायी वाटते. ‘सेरेन्डिपिटी’ हाच शब्द घ्या. एक वस्तू शोधावयास निघावे आणि मार्गात, काहीशा दैवयोगाने व काहीशा स्वतःच्या चाणाक्षपणाने, न शोधलेली दुसरीच मौल्यवान वस्तू हाती लागावी, या अनुभवाला होरेस वॉलपोल या इंग्रज साहित्यिकाने २८ जानेवारी १७५४ रोजी आपल्या एका मित्रास लिहिलेल्या पत्रात हे नाव दिले, आणि ते त्याने सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांच्या, मूळ फारसी वळणाच्या कथेवरून घेतले. सेरेन्डिप म्हणजे सिंहलद्वीप, आपली लंका! चाणाक्षपणाची अट मात्र हल्ली लोक सोयीस्करपणे विसरतात व निव्वळ योगायोगालाही हेच नाव देऊन मोकळे होतात. इंग्रजांच्या ‘मंगूस’ची वंशावळ तर याहून आखूड आहे: तो शब्द आपल्याच मराठी मुंगसाचा.