पाठ्यपुस्तकांच्या कंपनीचा निकाल कसा वाचायचा?

आज आपण एस. चांद या जुन्या प्रकाशन कंपनीचं उदाहरण घेणार आहोत. शेअर घ्या किंवा विका, असं मी सांगत नाहीये. अशा कंपनीचे आकडे कसे वाचायचे, एवढंच बघू.

दिल्लीच्या या प्रकाशनाची सुरुवात १९३९ मधली. देशभरातल्या कितीतरी घरांत त्यांची पुस्तकं असतील. मे २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा आयपीओत शेअरचा भाव होता ६७० रुपये. २०१८-१९ मध्ये विक्री घसरली आणि वर्ष तोट्यात गेलं. मार्च २०२० मध्ये शेअर शंभराच्याही खाली होता. म्हणजे ओळखीचं नाव आणि आपले पैसे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता धंदा समजून घेऊ. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. त्यामुळे पुस्तकं जानेवारी ते मार्चमध्ये गोदामातून निघतात. वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग या चौथ्या तिमाहीत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत विक्री थोडी, पण पगार, भाडं, व्याज चालूच. म्हणून तिथे सहसा तोटा दिसतो. तो बघून घाबरू नका आणि मार्चचा नफा बघून हुरळूनही जाऊ नका. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

खरी मेख पुढे आहे. मार्चमध्ये माल गेला की विक्री वहीत चढते, पण तो उधारीवर गेलेला असतो. वितरकाकडून पैसे नंतर येतात आणि न खपलेली पुस्तकं परतही येतात. त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात येणी फुगलेली असतात. मी म्हणून ३० सप्टेंबरचा ताळेबंद उघडतो. सहामाही ताळेबंद देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तोवर येणी बरीच उतरायला हवीत. ती दरवर्षी जास्त उरत असतील, तर कागदावरचा नफा खिशात येत नाहीये. सोबत पुस्तकांचा साठा आणि कॅश फ्लोही बघा.

आणखी एक गोष्ट म्हणजे सरकारी धोरण. अभ्यासक्रम बदलला की जुनी, सेकंडहँड पुस्तकं बाद होतात आणि नव्यांना मागणी येते. पण गोदामातला जुना साठाही रद्दी होतो. शाळांनी एनसीईआरटीचीच पुस्तकं वापरावीत असा आग्रह वाढला, तर खासगी प्रकाशकाची विक्री घटते.

हे सगळं बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतं. तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो. पैसे गुंतवण्याआधी निदान तीन वर्षांचे सप्टेंबरचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून बघा. तासाभराचंच काम आहे.