वजन कशाचे?

दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या बाजारात गेलात, तर कापसाने भरलेल्या गाड्या दृष्टीस पडतात. केळापूर तालुक्याच्या काळ्या जमिनीत पिकलेला हा कापूस काट्यावर चढतो, आणि काटा किती दाखवितो याकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. परंतु कापूस घेणारा केवळ काट्यावर विसंबत नाही. तो गाडीत हात खुपसून मूठभर कापूस बाहेर काढतो, ओला आहे की कोरडा हे पाहतो, धागा ओढून त्याची लांबी अजमावतो. शंभर किलो कापसातून रुई निघते ती सुमारे एक तृतीयांश. उरलेले वजन बहुतांशी सरकीचे असते. कापूस ओला असला, तर त्यात पाण्याचेही वजन मिसळलेले असते. वजन किती, एवढेच काटा सांगतो. ते वजन कशाचे, हे तो सांगत नाही.

माणसाच्या वजनाचेही असेच आहे. शाळेत आरोग्यतपासणी होते, त्या दिवशी जो तो दुसऱ्याला विचारीत असतो, “तुझे किती भरले?” ज्याचे अधिक भरले तो ‘ढोल्या’ ठरतो, ज्याचे कमी भरले तो ‘काडीपैलवान’. तपासणी एका दिवसाची, पण ही नावे मात्र वर्षभर चिकटून राहतात. हा निवाडा कितपत खरा असतो, हे आपण जरा हिशेब करून पाहू.

समजा, बारा वर्षे पूर्ण झालेले दोन मुलगे आहेत आणि दोघांचेही वजन ३५ किलो आहे. एकाची उंची १३८ सेंटिमीटर, दुसऱ्याची १५२. पहिला ठेंगणा व भरीव दिसेल, दुसरा उंच व सडपातळ. वजन सारखेच असले, तरी ते सारख्या देहांवर पसरलेले नाही. म्हणून वजन उंचीशी ताडून पाहावे लागते.

ते कसे ताडावे, याचा विचार बेल्जियम देशातील आडोल्फ केटले या गणितज्ञाने केला. लाकडाचा एखादा ठोकळा दुप्पट उंच, दुप्पट रुंद आणि दुप्पट जाड केला, तर त्याचे वजन आठपट होते. माणसे मात्र अशी वाढत नाहीत. उंच माणूस त्याच प्रमाणात रुंद नसतो. प्रौढ माणसांची मापे तपासताना केटलेला आढळले, की त्यांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे त्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यावरून पुढे एक सोपी रीत रूढ झाली. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे आणि किलोग्रॅममधील वजनाला त्या गुणाकाराने भागावे. या भागाकाराला आज शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणतात.

आपल्या पहिल्या मुलाचा हिशेब करू. १.३८ गुणिले १.३८ म्हणजे सुमारे १.९०; ३५ ला त्याने भागले, की १८.४ येतात. दुसऱ्याचे याच रीतीने १५.१ येतात.

आता हे आकडे चांगले की वाईट? प्रौढांसाठी साधारणपणे १८.५ ते २५ हा निर्देशांक योग्य मानतात. आपल्या देशातील प्रौढांनी २३ च्या पुढेच सावध व्हावे, असे डॉक्टर सांगतात. परंतु हे माप मुलांना लावणे चुकीचे आहे. वाढत्या वयात शरीराचे प्रमाण दरवर्षी बदलते, म्हणून मुलांसाठी वयानुसार निराळे तक्ते असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या तक्त्याप्रमाणे बाराव्या वर्षी मुलग्यांचा निर्देशांक सुमारे साडेचौदा ते वीस, आणि मुलींचा सुमारे साडेचौदा ते एकवीस यांच्या दरम्यान असावा. म्हणजे आपला ‘ढोल्या’ आणि आपला ‘काडीपैलवान’ दोघेही निरोगी मर्यादेतच बसले!

एवढी मोठी मर्यादा का, असे कोणी विचारील. एकाची हाडे जाड, खांदे रुंद, मनगट भक्कम. दुसरा मुळातच बारीक चणीचा. हा बांधा बहुधा आईवडिलांकडून आलेला असतो. शिवाय वाढीचा वेगही निराळा असतो. मुली बहुधा मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी झपाट्याने वाढू लागतात. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात अनेक मुली मुलग्यांहून उंच व वजनदार दिसतात.

तरीही कापसातील सरकीचा प्रश्न उरतोच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, भरला. दोघेही दिसण्यात सडपातळ. परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या वजनात ती शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या वजनात शेकडा २१.२ निघाली! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी आपले छायाचित्र या आकड्यांसह छापले. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावत असत. आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत तिच्यात शिरणे, असे याज्ञिक यांनी तेथे मिस्किलपणे सांगितले आहे. आपले जन्माच्या वेळचे वजन कमी होते, याचीही त्यांनी नोंद केली. कारण बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगात चरबी अधिक का असते, याचे एक उत्तर आईच्या पोटातील अपुऱ्या पोषणात असावे, असे त्यांना वाटत होते. स्वतःच्याच शरीराचा असा जाहीर हिशेब मांडणारे वैद्य विरळाच.

तेव्हा एका दिवसाच्या आकड्याहून अनेक महिन्यांची नोंद अधिक बोलकी असते. उंची मोजताना अनवाणी उभे राहावे, टाचा भिंतीला टेकवाव्या, नजर समोर ठेवावी आणि डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करावी. वजन शक्यतो त्याच काट्यावर, सारख्याच कपड्यांत आणि दिवसाच्या त्याच वेळी करावे. सहा-सहा महिन्यांनी केलेल्या या नोंदीत वजन वाढायचे थांबले, उतरले किंवा उंचीला मागे टाकून भराभर वाढू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. मनानेच जेवण सोडू नये, कारण त्याच अन्नातून हाडे व स्नायू घडत असतात.

आपला ठेंगणा मुलगा वर्षभराने पुन्हा मोजला आणि तो १४४ सेंटिमीटर व ३८ किलो भरला, असे समजू. तीन किलो वाढले म्हणून वर्ग हसेल. पण भागाकार करून पाहा, तो १८.४ वरून १८.३ वर आलेला दिसेल.